जप्त वस्तू

रात्री साडेअकराच्या फेरीत
खोली नंबर चौदामध्ये उशीखाली सापडलं.
वर वनस्पतिशास्त्राचं कव्हर, आत मऊ पडलेली कादंबरी,
गंजगोलाईच्या फुटपाथवरून साठ रुपयांना आणलेली.
पहिल्या पानावर उघड्या पाठीचा पोरगा,
पाठीला काळे पंख.
प्रणोती गुट्टे, अहमदपूर. परीक्षेला एकोणसत्तर दिवस.
"मॅडम, शेवटची तीस पानं राह्यलीत ओ,"
मी तिचं सलाइनच काढून नेतेय असा चेहरा.

रजिस्टरात लिहिलं: कादंबरी, एक. इंग्रजी.
मग ऑफिसातला पंखा तीनवर केला
आणि नुसती चाळायला म्हणून उघडली.

देवदूत तीनशे वर्षांचा आहे म्हणे,
तरी अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर.
तीनशे वर्षांत एकदाही पास झाला नाहीस का रे?
आमच्याकडे दुसरा रिपीट म्हटलं
की बाप रात्रीचा फोन करतो.
पोरीची आई दुसऱ्या पानावर मेलेली, बाप कायम परगावी,
म्हणजे 'कुठं होतीस' विचारायला कोणी नको.
ती जेवत नाही. तिची पाळी येत नाही.
त्याचं पीस न् पीस चकाकतं,
कोण धुतं, कुठल्या पाण्यानं?
लातुरात ये बाबा, टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभा राहा,
मग बघू.

तो खिडकीतून येतो
आणि ती झोपली असताना बघत बसतो.
लेखिका याला प्रेम म्हणते.
इथं मी पुस्तक पालथं ठेवलं.
एकोणनव्वद साली औशाच्या स्टँडवर
एक जण रोज असाच बघत उभा राहायचा.
पंख नव्हते, लूना होती.
मी कॉलेज सोडलं.
त्याला कोणी काहीच सोडायला लावलं नाही.

वेरूळला सहल नेली होती, तेव्हाचं आठवलं:
वर, छताला लागून, गुडघे मुडपून उडणारी जोडपी.
पंख नाहीतच. गरजच नाही.
बाईसुद्धा स्वतःच्या बळावर उडतेय, त्याच्या बरोबरीनं.
हा मात्र हिला काखेत मारून नेतो,
एसटीच्या टपावरची बॅग जशी.

तरी खोटं कशाला बोलू.
पान एकशे बारा मी दोनदा वाचलं.
तिथं तो काहीच करत नाही,
फक्त म्हणतो, थकलीस ना, बस.
आणि पंख पसरून सावली धरतो.
या गावात बसगणिक पोरी उतरतात,
गादी, ट्रंक, लोणच्याची बरणी,
आणि जो भेटेल तो विचारतो, किती पडले?
'बस' म्हणणारं कोणी नाही.
मला तरी कोण म्हणालं होतं.

दोनशे सहापासून पुढं समासात पेन्सिल, बारीक अक्षर.
'आधी तिला इचार की.'
'खिडकीला जाळी लाव बाई.'
'हा लई शाणा.'
आणि तो तिच्यासाठी पंख छाटून घेतो त्या पानावर
काही लिहिलेलं नाही,
एक डाग, वाळून सुरकुतलेला.

म्हणजे पोरीला सगळं कळत होतं.
कळूनही रडली होती.
मी रात्रभर मनात जुळवलेलं भाषण
पहाटेच्या चहाबरोबर पिऊन टाकलं.

सहा वाजता, गरम पाण्याच्या रांगेत,
तिच्या बादलीत पुस्तक ठेवलं. कोरड्या.
"मरतो का ओ तो?" तिनं हळूच विचारलं.
"फिजिक्सचा पेपर सोडव, मग सांगते."
ती हसली. रजिस्टरात मी लिहिलं: परत.

घरी गेल्यावर दिसेल तिला कदाचित,
एकशे बाराच्या समासात
हजेरीच्या लाल पेनानं ओढलेली एक रेघ.
शब्द काही सुचला नव्हता.